गयाबाई उबाळे यांच्या सॉसची व्यवस्था

कोणी मागितलेले नसताना मृत्युपत्र लिहायला बसणे, तेही वयाची एकवीस वर्षे जेमतेम पूर्ण झालेली असताना, हा आगाऊपणा आहे हे मला समजते. माझ्याहून वडील माणसांनी अद्याप असे काही लिहिलेले नाही, आणि स्थावर-जंगम म्हणावे असे माझ्याजवळ फारसे काही नाही. तरीही लिहीत आहे. याबद्दल ज्यांच्या हाती हा कागद पडेल त्यांनी, आणि सर्वांआधी बदलापूरच्या माईंनी, मला क्षमा करावी. मला समोर उभे राहून बोलता आले असते, तर लिहिण्याची वेळ आली नसती.

मी, कुमारी शालन धोंडिबा उबाळे, धर्म बौद्ध, शिक्षण बी. ए. (मराठी), राहणार अंबरनाथ पूर्व, पुढील मजकूर स्वतःच्या अक्षरात आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय नाही. लहानपणीच्या तापाने त्याची एक झडप आखडली, आणि येत्या सोमवारी, पंचवीस तारखेला, मुंबईत तिच्यावर शस्त्रक्रिया व्हायची आहे. डॉक्टरांनी माझ्या भावाला बाहेर बोलावून जे सांगितले ते पडद्याआडून मलाही ऐकू आले. दहांपैकी दोन दगावतात, असे ते म्हणाले. मृत्युपत्र करायला कायद्याला शुद्ध बुद्धी लागते, निरोगी हृदय लागत नाही. ग्रंथालयात बसून याची मी खात्री करून घेतली आहे.

या कागदाची अंमलबजावणी करण्यासाठी मी सौ. कुमुदिनी श्रीपाद लेले, राहणार बदलापूर, यांना नेमते. त्यांना सगळे माई म्हणतात, आम्हीही म्हणतो. नेमणूक वाचून त्यांना आश्चर्य वाटेल. पुढची कलमे वाचल्यावर वाटणार नाही.

कलम पहिले. आम्ही राहतो ती खोली वडिलांच्या मागे आईच्या, म्हणजे श्रीमती गयाबाई धोंडिबा उबाळे यांच्या, नावावर झालेली आहे. ती माझी नाही, म्हणून ती कोणाला देण्याचा प्रश्न येत नाही. तरी तिचा उल्लेख करते, कारण माझे थोरले बंधू सोमा, राहणार शहाड, यांनी गेल्या दिवाळीत आईसमोर असे उद्गार काढले होते : “बाईमाणसाला कशाला पायजे तुला एवढी जागा? विकून टाक, माझ्याकडं येऊन राहा.” त्यावर आई म्हणाली, “तुझ्याकडं शेगडी कुठं ठेवू, तुझ्या डोक्यावर?” आईचे हे उत्तर मी या कागदापुरते अंतिम समजते.

कलम दुसरे. पोस्टातील बचत खात्यात जे असेल ते आईला द्यावे. पुस्तिका पत्र्याच्या पेटीत, निळ्या फडक्याखाली आहे.

कलम तिसरे. सॉस करण्याचे साहित्य घरात माझ्या नावाने ओळखले जाते, कारण हिशेब आणि बाटल्या मी पाहते. ते सर्व आईला द्यावे. त्याची नोंद अशी :

पितळेचे मोठे पातेले, एक. हे वडिलांनी कारखान्याच्या बोनसमधून घेतले होते. दर हंगामाआधी त्याला कल्हई करून घ्यावी. कल्हई उडालेल्या पितळेत टोमॅटो शिजवला तर तो कळकतो आणि खाणाऱ्याला बाधतो. सोमादादांनी हे पातेले मोडीत घालण्याचा विषय दोनदा काढला आहे. तिसऱ्यांदा काढू नये.

लांब दांड्याचा लाकडी डाव, एक. वडिलांनी पेटीच्या फळीतून तासून केलेला. वडील १९८२ साली गेले. दांड्यावर त्यांच्या हातचा एक खिळा आहे, तो काढू नये. तो रस शिजवताना आईच्या अंगठ्याला टेकू देतो.

पितळी जाळीची चाळण, एक. कोळशाची शेगडी, एक. बाटलीला झाकण दाबून बसवण्याचे हातयंत्र, एक. हे उल्हासनगर कॅम्प दोनमधील बाटल्यांच्या व्यापाऱ्यांकडून आणले. त्यांना तिथे सगळे काका म्हणतात. काकांचे माझ्यापाशी काही देणे-घेणे नाही. त्यांचे एक वाक्य मात्र पुढे यायचे आहे.

कलम चौथे. माझी पुस्तके बुद्धविहाराच्या वाचनालयाला द्यावीत. दोन खंडांचा शब्दकोश मी माझे शिक्षक श्री. भगवंत गांगुर्डे गुरुजी यांना देणार होते. परंतु जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, दिल्यास ते दान रद्द होते. मी गुरुजींना हे सांगितले आणि दोहोंतून एक निवडण्याची विनंती केली. ते बराच वेळ शब्दकोशाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “सही करतो, बाळ. शब्द काय, इकडून तिकडून मिळतात.” शब्दकोशही वाचनालयातच जावा.

दहावीला केंद्रात पहिली आल्याबद्दल मिळालेला चषक आईने मिठाच्या बरणीशेजारी ठेवला आहे. तो तिथेच असावा.

कलम पाचवे. आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसले तिच्याकडे येते.

वडील गेल्यानंतर पुढच्या वर्षापासून आई बदलापूरला माईंच्या घरी मिरच्या निवडणे, मसाला कुटणे, धान्य वाळवणे अशा कामांना जाऊ लागली. श्रीपादराव वडिलांच्या कारखान्यात अधिकारी होते, त्यांनीच ओळख करून दिली. शाळा सुटल्यावर मी तिथे जाई आणि मागच्या अंगणात पायरीवर बसून वाचत असे. माईंनी मला पुष्कळ पुस्तके वाचायला दिली. कपाट त्या स्वतः उघडत, हवे ते पुस्तक स्वतः काढून देत आणि परत केलेले स्वतः आत ठेवत. माझ्यावरचे हे ऋण मी नाकारत नाही.

सॉसचा मूळ कागद माईंचा होता, हेही मी नाकारत नाही. १९८४ च्या हिवाळ्यात त्या एका पाककलेच्या वर्गाला गेल्या होत्या आणि तिथली कृती घेऊन आल्या. त्यांनी केलेला पहिला सॉस मी पाहिला आहे. तो बशीत ओतला की लाल भाग मधे राहून कडेने पाणी सुटे, आणि चवीला तो नुसता गोड होता. आई अंगणात मिरच्यांचे देठ काढत होती. चाळणीवर उरलेल्या साली आणि बिया माई टाकून द्यायला निघाल्या, तेव्हा आई म्हणाली,

“माई, ते टाकू नगा. चव त्याच्यातच हाय.”

“अगं, सालीत कसली चव?”

“बगा तर.”

त्या दिवशी अंगणातल्या चुलीवर आईने जे केले त्याला पुढे सगळे बदलापूर माईंचा सॉस म्हणू लागले. चूल अंगणात का, असे मी विचारले होते. “घरभर वास होतो गं,” माई म्हणाल्या. कारण तेवढेच होते की आणखी काही, हे मी तेव्हा विचारले नाही, आणि आता उत्तर मिळून उपयोग नाही.

कलम सहावे. आईची रीत येथे नोंदवून ठेवते, कारण ती आईने कोणाकडून घेतलेली नाही.

टोमॅटो पूर्ण पिकलेले, हाताला मऊ लागणारे घ्यावेत. घट्ट टोमॅटो दिसायला चांगला, सॉसला वाईट. बाजार उठायच्या वेळी व्यापारी जो मऊ माल बाजूला काढतो त्यातून आई एकेक निवडून घेते. नासका वेगळा आणि पिकलेला वेगळा, हे तिला देठाच्या जागी अंगठा टेकवून कळते. फोडी करून, पाण्याचा थेंबही न घालता, त्यांच्याच रसात त्या शिजवाव्यात आणि चाळणीतून गाळाव्यात. चाळणीवर राहिलेल्या साली व बिया थोड्या पाण्यात पुन्हा उकळून ते दुसरे पाणी रसात मिळवावे. कांदा आणि लसूण सोलू नये. सालीसकट निखाऱ्यात खरपूस भाजावा, मग ठेचून दालचिनी, लवंग, मिरी व सुक्या मिरचीबरोबर पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून उकळत्या रसात सोडावा. साखर थोडी आधी, बाकीची शेवटी. आधीची रंगासाठी, शेवटची चवीसाठी. रस आटून तिसरा हिस्सा उरला की पुरचुंडी पिळून काढावी आणि मगच मीठ व शिरका, म्हणजे व्हिनेगर, घालावा. बशीत एक थेंब टाकावा. त्याभोवती पाण्याचे कडे दिसले नाही, म्हणजे झाला. उकळून कोरड्या केलेल्या गरम बाटल्यांत गरमच भरावा, झाकण दाबावे, आणि तळाशी फडके अंथरलेल्या पाण्यात बाटल्या पुन्हा उकळाव्यात.

या कलमात मापे दिलेली नाहीत. ती विसरून राहिलेली नाहीत.

कलम सातवे. हे माझ्या अपराधाचे कलम आहे.

डिसेंबर १९८६ मध्ये माईंच्या महिला मंडळाने घरगुती टिकाऊ पदार्थांची स्पर्धा ठेवली. पदार्थाबरोबर लेखी कृती द्यायची होती. माईंनी मला बोलावले.

“शालन, तुझं अक्षर मोत्यासारखं. गयाबाई सांगतील तसं लिहून दे बघू. पण मापं नीट हवीत हं. मूठ, चिमूट चालायची नाही. परीक्षक शिकलेल्या बायका आहेत.”

आईची सगळी मापे मुठीचीच होती. पाच किलो टोमॅटोला लसूण एक मूठ, मीठ एक मूठ, सुक्या मिरच्या मुठीत मावतील तेवढ्या. मी पहिल्या नंबराची मुलगी. मुठीचे ग्रॅम करणे मला अवघड नव्हते. वाण्याच्या दुकानात गेले, त्याच्या तराजूत मूठ मूठ टाकून वजने घेतली आणि आकडे सुवाच्य लिहिले. मूठ मी माझी घेतली. सतरा वर्षांच्या, आजारी, आयुष्यभर पेन धरलेल्या मुलीची मूठ. आई वरवंटा धरते. तिच्या मुठीत माझ्या दोन मुठी बसतात, हे मला वाण्याच्या दुकानात उभी असताना सुचले नाही.

लिहून झाल्यावर माईंनी कागद वाचला. “खाली नाव घाल,” त्या म्हणाल्या. मी पेन उचलून थांबले. आई पातेले घासत होती.

“माझंच घाल. मंडळाची सभासद मी आहे ना,” माई सहज म्हणाल्या.

मी आईकडे पाहिले. आईने वर पाहिले नाही. मी लिहिले : सौ. कुमुदिनी श्रीपाद लेले. माईंनी माझा हात धरलेला नव्हता. ते नाव मी माझ्या हाताने, माझ्या चांगल्या अक्षरात लिहिले आहे.

परीक्षकांनी आईचा सॉस चाखला आणि माझा कागद वाचला. पहिला क्रमांक आला आणि कृती मंडळाच्या स्मरणिकेत छापली गेली. पुढच्या उन्हाळ्यात आई तापाने पडली होती, तेव्हा माईंनी छापलेल्या कृतीवरून स्वतः सॉस केला. मीठ निम्मे, लसूण निम्मा. आठ दिवसांत तो फसफसला. दोन बाटल्यांची झाकणे कपाटात उडाली आणि श्रीपादरावांचे इस्त्रीचे कपडे लाल झाले. आई बरी होऊन बदलापूरला कामावर गेली तेव्हा माई म्हणाल्या, “तुमच्या हाताला काहीतरी आहे हो, गयाबाई. ते काही लिहून येत नाही. यापुढे तुम्हीच करा, घरी करा, मी खपवते.”

त्याच दिवशी घरी आल्यावर मी आईची मूठ मोजली आणि मला सगळे कळले.

मला बोलायला हवे होते. मी बोलले नाही. माईंना खरी मापे कळली तर आईची गरज उरणार नाही, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो बाहेर येऊ दिला नाही. लिहिताना झाली ती चूक होती. कळल्यानंतर चार वर्षे गप्प बसले ती लबाडी होती. माई, आपल्या फुटलेल्या बाटल्यांची आणि छापील कृतीवरून आपल्या मैत्रिणींनी केलेल्या, फसलेल्या सॉसची जबाबदार मी आहे. आईला यातले काही माहीत नव्हते. तिला मी गेल्या रविवारी सांगितले. ती म्हणाली, “एवढी शिकलीस आन् माझा हात तुला दिसला न्हाई?” 

कलम आठवे. माझा अपराध सांगून झाल्यावर आता दुसऱ्यांचा सांगते.

जानेवारी १९८९ मध्ये मी धीर करून बारा बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. त्यावर लिहिले होते : टोमॅटो सॉस, करणार गयाबाई उबाळे, अंबरनाथ. माईंनी त्या पाहिल्या आणि बाटल्या तशाच नेहमीच्या बारा घरी पाठवल्या. हा त्यांचा चांगुलपणा होता. आठवड्याभरात नऊ बाटल्या परत आल्या. झाकण एकीचेही उघडलेले नव्हते. एका घरी मुलांना तिखट लागले, दुसऱ्या घरी पाहुणे यायचे राहिले, तिसऱ्या घरच्यांनी सध्या सॉस सोडला होता. न उघडलेला सॉस मुलांना तिखट कसा लागला, हे कोणी विचारले नाही.

माई मागच्या अंगणात आल्या. त्यांना खरोखर वाईट वाटत होते. “मला काही नाही हो, गयाबाई. मी तुमच्या हातचं खाते, तुम्हाला ठाऊक आहे. पण लोकांना काय सांगायचं?”

“काय सांगू नगा,” आई म्हणाली. तिने बादलीभर पाणी घेतले, नऊच्या नऊ बाटल्या त्यात बुडवल्या आणि चिठ्ठ्या नखाने खरवडून काढल्या. मी तिच्याजवळ उभी होते. मला रडू येत होते. “रडती कशाला? चिठ्ठीच हाय,” ती म्हणाली. “बाटली रिकामी होती का न्हाई ते बगायचं.” पंधरा दिवसांनी त्याच नऊ बाटल्या माईंचा सॉस म्हणून त्याच घरी गेल्या आणि रिकाम्या झाल्या. दोन घरांनी आणखी मागितल्या.

त्या घरांची नावे मला ठाऊक आहेत. ती या कागदात लिहिण्याचे मी ठरवले होते आणि नऊपैकी चार लिहिलीही होती. मग तो कागद फाडून हा नव्याने लिहायला घेतला. नावांचा माझ्याकडून गैरवापर एकदा झालेला आहे.

कलम नववे. गेल्या महिन्यात कॅम्प दोनच्या काकांनी दुकानात विकायला माईंकडे मोठी मागणी दिली : दर महिन्याला शंभर बाटल्या, छापील लेबलासह. माईंनी लेबलाचा मजकूर लिहिण्याचे काम नेहमीप्रमाणे मला दिले. महिनाअखेर तो उल्हासनगरच्या छापखान्यात जायचा आहे. “‘माईंचा सॉस’ मोठं लिही, बाकी बारीक,” असे त्यांनी सांगितले. एकदा छापलेले लेबल पाण्याने निघत नाही. मी सोमवारी शस्त्रक्रियेच्या टेबलावरून परत आले नाही, तर माझ्यानंतर आईच्या बाजूने लिहिणारे कोणी राहणार नाही. आईला सही येते, त्यापुढे येत नाही. म्हणून ही गोष्ट उद्यावर टाकता येत नाही.

मी झाकणे आणायला गेले असताना काकांना विचारले, लेबलावर कोणाचे नाव असले तर चालेल? ते बाटल्या मोजत होते. “देख बेटी, माल तेरी मम्मी बनाती है ना? तो नाम किसी का भी डालो, मेरे को क्या. मेरे को ढक्कन टाइट मंगता. लीक हुआ तो वापस.” कॅम्प दोनमध्ये बाटल्या फक्त गळक्या असल्या तर परत येतात, असा याचा अर्थ मी घेतला आहे. बदलापूरच्या बारा घरांविषयी मी असे म्हणू शकत नाही.

लेबलाचा मजकूर मी लिहून ठेवला आहे आणि तो या कागदाला जोडला आहे. तो असा : गयाबाई उबाळे यांचा टोमॅटो सॉस. भाजलेल्या लसणाचा. विक्री : सौ. कुमुदिनी लेले, बदलापूर. तीन ओळी, तिन्हींचे अक्षर सारख्या आकाराचे. माईंचे नाव मी वगळलेले नाही. दारोदारी त्याच गेल्या आहेत, आणि ते कामही काम आहे.

कलम दहावे. खरी मापे आता मोजलेली आहेत. आईची मूठ मी वेगवेगळ्या दिवशी दहा वेळा तराजूत घातली आणि सरासरी काढली. तो कागद लाखेने बंद केलेल्या पाकिटात गांगुर्डे गुरुजींकडे ठेवला आहे. त्याची व्यवस्था पुढीलप्रमाणे करते. माईंनी जोडलेल्या मजकुराप्रमाणे लेबल छापून त्याची एक प्रत गुरुजींना दाखवली, तर पाकीट माईंना द्यावे. मग आईचे हात थकले तरी सॉस बंद पडणार नाही. तसे छापले नाही, तर पाकीट आईला द्यावे. काकांची मागणी आणि झाकणाचे यंत्र घेऊन आईने पुढे काय करायचे ते ती ठरवील. त्या वेळी तिने माईंना मापे सांगितली तरी माझी हरकत नाही. ती तिची मूठ आहे.

माई, ज्यांनी मला पुस्तके वाचायला दिली त्यांना अट घालणे मला शोभत नाही. पण आपणांस विनंती करून पाहण्याचे धाडस मला चार वर्षांत झाले नाही, आणि आता विनंतीला पुरेल एवढा वेळ आहे की नाही हे मला माहीत नाही. मी आपल्याला या कागदाची अंमलबजावणी करणारी नेमले, कारण तसे केल्याशिवाय आपण हा आईसमोर मोठ्याने वाचला नसता. तेवढे एकदा व्हावे.

मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होते, हे मी वाचले आहे. तरी मी जिवंत परत आले तर नववे कलम रद्द समजू नये, असे माझे म्हणणे आहे. कायदा ते मानणार नाही. माई मानतील की नाही, हे लेबल छापून आल्यावर दिसेल.

कलम अकरावे. माझ्यामागे खर्चाचे काही करू नये. विहारात त्रिशरण-पंचशील म्हणावे. जलदानाच्या विधीच्या दिवशी आलेल्यांना साधे जेवण द्यावे. त्या जेवणात सॉस ठेवू नये. आईला त्या दिवशी शेगडीपाशी बसवू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, गांगुर्डे गुरुजींनी तो आई व दोन्ही साक्षीदारांसमक्ष वाचून दाखवला. आई भिंतीला टेकून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने उठून चहा ठेवला. तिला साक्षीदार म्हणून सही करायची होती. ज्याला मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, हे मी तिला समजावून सांगितले. तिला ते पटलेले नाही.

सही : शालन धोंडिबा उबाळे

आमच्यासमक्ष शालन हिने सही केली आणि तिच्यासमक्ष आम्ही केली :

१. भगवंत रामजी गांगुर्डे, सेवानिवृत्त शिक्षक, अंबरनाथ
२. बनूबाई सखाराम रोकडे, शेजारी, अंबरनाथ. डाव्या हाताचा अंगठा

ठिकाण : अंबरनाथ. दिनांक : १९ फेब्रुवारी १९९१, मंगळवार.

रवानगीची नोंद. या ओळी सह्या झाल्यानंतरच्या असल्यामुळे त्यांना कायद्याचे बळ नाही. टपाल कार्यालयात, रजिस्टर पत्रांच्या खिडकीपाशी, पाकीट डकवण्याआधी लिहिते. आई बरोबर आहे. आता रांगेत उभी असताना म्हणाली, “परत येतील बग बाटल्या.”

“येतील,” मी म्हटले.

“शंभरातल्या शंभर येतील.”

माझ्या हातातले पाकीट ती परत मागेल, असे मला वाटले. मागितले असते तर मी दिले असते.

“येऊ दे,” आई म्हणाली. “पण मग खायला घरात माणूस पायजे. मला यकटीला तिखट सोसत न्हाई आता. ते बी लिव त्यात.”

मृत्युपत्रात असे कलम बसत नाही, असे मी तिला सांगितले.

“मग खाली लिव,” ती म्हणाली. “सह्यांच्या खाली लिव.” म्हणून येथे लिहिले आहे.

माईंच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने रवाना : बुधवार, दिनांक २० फेब्रुवारी १९९१, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे.